तुम्ही विचारलंत म्हणून : आउटबॅकची धूळ आणि आमची व्हॅन

ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातल्या कच्च्या रस्त्यांवरून कॅम्परव्हॅन घेऊन फिरून आल्यावरही तुमच्या अंथरुणात आणि भांड्यांत लाल धूळ कशी नसते, हा प्रश्न ॲडलेडमधली मराठी मित्रमंडळी मला नेहमी विचारतात. विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांना उत्तर म्हणून एखाद्या टेपचे किंवा सीलंटचे, म्हणजे फटी बुजवायच्या लुकणाचे, नाव हवे असते. या दोन्ही वस्तू मी वापरतो. परंतु धूळ अडवण्याचे मुख्य काम डॅशबोर्डावरचा पंखा करतो, आणि तो ते कसे करतो हे एकदा लक्षात आले की बाकीचे बरेचसे उपाय आपले आपल्याला सुचू लागतात.

मरी गावापासून मार्लापर्यंत जुन्या घॅन रेल्वेमार्गाच्या सोबतीने जाणारा सुमारे ६२० किलोमीटरचा ऊडनाडाटा ट्रॅक आम्हांला जवळचा, म्हणून उदाहरण त्याचेच घेतो. कोरड्या हवेत अशा रस्त्यावर गाडी धावू लागली की चाकांनी उडवलेली माती गाडीच्या मागे ढगासारखी राहते, आणि व्हॅनची पाठ सपाट असल्यामुळे तिच्यामागे हवेचा दाब कमी होऊन तो ढग भोवऱ्यात सापडल्यासारखा उलट फिरून मागच्या दारावरच येऊन आदळतो. अशा वेळी उकडते म्हणून कोणी पुढची खिडकी खाली केली, तर खिडकीवरून वेगाने जाणारा वारा आतली हवा बाहेर ओढून घेतो. गाडीतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो आणि ती तूट भरून काढायला हवा मागच्या दाराच्या फटींतून, जमिनीतल्या भोकांतून, फ्रिजच्या जाळ्यांतून आत शिरते. धूळ या हवेबरोबर येते. कितीही फटी बुजवल्या तरी एखादी राहतेच, आणि आत शोषण चालू असेल तर ती एक फटही पुरते.

म्हणून शोषणाची दिशाच उलटी करायची. कच्चा रस्ता सुरू झाला की सगळ्या खिडक्या बंद करून पंखा मोठ्या वेगावर ठेवायचा आणि हवेचे बटण आतलीच हवा फिरवण्यावर न ठेवता बाहेरची हवा घेण्यावर ठेवायचे. पुढच्या काचेखालून येणारी ही हवा फिल्टरमधून गाळून आत येते, आतला दाब किंचित वाढवते आणि ज्या फटींतून धूळ आत यायची त्यांतूनच बाहेर पडू लागते. व्हॅनमध्ये चालकाची जागा आणि मागची खोली एकच असल्यामुळे हे सहज जमते. मागे ओढायच्या कॅराव्हॅनला पंखा नसतो, म्हणून तिच्या छतावर पुढे तोंड असलेला, त्याच कामासाठी बनवलेला फिल्टरचा झरोका बसवतात. त्याऐवजी नेहमीची छताची खिडकी मागच्या बाजूला किलकिली ठेवणारे लोक आतली हवा बाहेर ओढण्याचीच सोय करीत असतात.

समोरून रोड ट्रेन, म्हणजे कधी कधी पन्नास मीटरच्याही वर लांबीचा, एकामागे एक डबे जोडलेला ट्रक आला, तर हा नियम थोडा वेळ मोडावा लागतो. त्या वेळी पुढून येणारी हवाच धुळीने भरलेली असते, म्हणून डाव्या कडेला थांबून हवा आतल्या आत फिरती ठेवावी आणि समोरचे स्पष्ट दिसू लागल्यावर बटण पुन्हा पूर्ववत करावे. पुढे एखादी गाडी जात असेल तर तिची धूळ खाली बसेल एवढे अंतर राखावे. घाई नसेल तर थांबून चहा करणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

आता फटींबद्दल. त्या शोधायला आम्ही उदबत्ती वापरतो. गॅसच्या सिलिंडरचा कॉक बंद करून, वारा नसलेल्या ठिकाणी गाडी उभी करावी, दारेखिडक्या लावून पंखा पूर्ण वेगावर सोडावा आणि पेटती उदबत्ती बाहेरून दाराच्या कडेने अगदी सावकाश फिरवावी. जिथे रबर नीट बसलेले असते तिथे धूर सरळ वर चढतो, आणि जिथे फट असते तिथे तो एकदम बाहेरच्या बाजूला ढकलला जातो. आमच्या व्हॅनमध्ये तो मागच्या दाराच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांत आणि सरकत्या दाराच्या मागच्या कडेला असा हलला, आणि धुळीच्या बारीक रेघाही नेमक्या तिथेच उमटत असत. रबर आधी ओल्या फडक्याने पुसावे, सुकल्यावर त्यावर सिलिकॉनचे ग्रीस हलक्या हाताने चोळावे. चपटे होऊन कडक झालेले रबर मात्र बदललेलेच बरे. वायरींसाठी पाडलेली भोके रबरी कड्या आणि सीलंटने बंद करावीत, आणि सिंकला बूच लावायला विसरू नये, कारण सांडपाण्याच्या नळीतूनही धूळ वर येते. दारांच्या तळाशी असलेली छोटी भोके मात्र पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेली असतात. ती बुजवली तर धुळीऐवजी गंज येईल.

गॅसच्या शेगडीसाठी ठेवलेल्या कायमच्या झरोक्यांबाबत माझे मत कडक आहे. तिथून धूळ येते हे खरे. परंतु गळालेला गॅस बाहेर जावा आणि कार्बन मोनॉक्साइड साठू नये म्हणून ते ठेवलेले असतात, तेव्हा त्यांना सीलंट लावणे हा जिवाशी खेळ आहे. गाडी चालू असताना आणि सिलिंडर बंद असतानाच त्यांवर झाकण ठेवावे, आणि मुक्कामाला पोहोचल्यावर शेगडी पेटवण्याआधी ते काढावे. आम्ही झाकणाला बांधलेली लाल फीत शेगडीच्या बटणावरून नेतो, म्हणजे ती सोडल्याशिवाय बटण फिरवताच येत नाही.

रस्त्यावरच्या आडव्या वळ्या, ज्यांना इथे कॉरुगेशन म्हणतात, दारे थरथरवून चांगले रबरही क्षणभर उघडे पाडतात. टायरमधली हवा साधारण पाचव्या हिश्श्याने कमी केली आणि वेगही उतरवला की थरथर बरीच कमी होते. डांबरी रस्ता लागताच हवा पुन्हा भरावी लागते, म्हणून छोटा कॉम्प्रेसर जवळ हवा. खड्ड्यांत साठलेल्या, मैद्यासारख्या बारीक ‘बुलडस्ट’मधून मात्र रांगतच जावे, कारण तिच्याखालचा खड्डा दिसत नाही.

थांबल्यावर लगेच दार उघडू नये. मागचा ढग अजून येतच असतो. तो पुढे निघून जाईपर्यंत पंखा चालू ठेवून बसावे आणि मग वाऱ्याच्या आडोशाचे दार उघडावे. एवढे करूनही थोडी धूळ आत येतेच. ती आधी कोरड्या ब्रशने झाडावी, कारण ओले फडके फिरवले की लोहाच्या ऑक्साइडने रंगलेल्या त्या मातीचा लाल चिखल कापडात मुरतो. अंथरुणावर एक जुनी चादर पसरून ती मुक्कामाला बाहेर नेऊन झटकावी. मिसळणाचा डबा घरीच ठेवावा. त्याचे झाकण घट्ट बसत नाही, आणि तिखटाच्या वाटीत गेलेली माती डोळ्यांना दिसत नाही, ती दाताखाली कळते. मसाले फिरकीच्या झाकणाच्या बरण्यांत न्यावेत.

परत आल्यावर पंख्याचा फिल्टर काढून पाहावा. तो विटकरी झालेला असेल तर बदलावा, कारण तो तुंबला की पंखा नुसता आवाज करतो आणि आत दाब तयार होत नाही.

पुण्या-मुंबईहून सुटीसाठी येऊन भाड्याची व्हॅन घेणाऱ्यांनी मात्र या खटाटोपात पडण्यापूर्वी करार वाचावा. टू-व्हील-ड्राइव्ह, म्हणजे इंजिनाचा जोर दोनच चाकांना मिळणारी, व्हॅन कच्च्या रस्त्यावर न्यायला बहुधा परवानगी नसते, आणि नेली तर विम्याचे संरक्षणही मिळत नाही. त्यांच्यासाठी पोर्ट ऑगस्टाहून उत्तरेला डार्विनपर्यंत जाणारा स्टुअर्ट हायवे पूर्ण डांबरी आहे. ओपल रत्नांच्या खाणींचे गाव कूबर पीडी त्याच्यावरच लागते, आणि उलुरू या प्रसिद्ध लाल खडकाकडे वळणारा लॅसेटर हायवेही डांबरीच आहे.