लाल रिबिनी

सोमवार, रात्री पावणेअकरा.

सकाळी जे घडले ते इतके क्षुल्लक आहे की वहीत उतरवतानाही संकोच वाटतो. शाळेची वेळ होत आली होती. मी पडवीतल्या बाकावर बसले होते. हाती काम नव्हते, मळमळ नव्हती, ताप नव्हता. इतकी बरी सकाळ गेल्या कित्येक दिवसांत उजाडली नव्हती. चिमू फणी आणि दोन लाल रिबिनी घेऊन माजघरातून बाहेर आली, तिचा स्कर्ट माझ्या गुडघ्याला घासला इतक्या जवळून पुढे गेली आणि पायरीवर चहा पीत बसलेल्या ह्यांच्यापुढे पाठ करून बसली. ह्यांनी कप बाजूला ठेवला आणि भांग पाडायला घेतला. दोघांपैकी कोणी एक शब्दही बोलले नाही, म्हणजे हे त्यांचे रोजचे ठरलेलेच असणार.

मी समोर बसलेली असताना तिने मला विचारले नाही. झाले ते एवढेच.

फेब्रुवारीत परळला डॉक्टरांनी आतड्याचा आजार यकृतात उतरल्याचे सांगितले, चौथी स्टेज म्हणाले, आता बरा करता येणार नाही पण आटोक्यात ठेवू म्हणाले, तेव्हा मी रडले नव्हते. रात्र गाडगे महाराज धर्मशाळेत काढली, कणकवलीला गाडीतून उतरल्यावर आधी घरी फोन करून चिमू जेवली का ते विचारले. तीच मी आज एका वेणीपायी न्हाणीच्या चुलीपुढे जाऊन बसले आणि चुलीत मुद्दाम माडाचे ओले चुडत सारले, म्हणजे डोळे लाल दिसले तरी धुराचे निमित्त होईल. सासूबाईंनी आतून, चूल पेटत नाय काय, असे विचारले. पेटतेय, म्हटले.

आणि ह्यांना वेणी घालायला शिकवली कोणी? मीच. मार्चमध्ये खिडकीच्या गजाला सुतळीचे तीन पदर बांधून, डावा मधल्यावर, उजवा मधल्यावर, असे दोन संध्याकाळी गिरवून घेतले होते. सासूबाईंना मोतीबिंदूमुळे भांग दिसत नाही आणि किमोच्या सलाईनच्या आठवड्यात मला उठवत नसे, त्यामुळे दुसरा इलाज नव्हता. ज्या माणसाचे हात जन्मभर हापूसच्या पेट्या बांधत आले, त्याने पोरीच्या वेणीलाही पेटीसारखीच गाठ मारली. पहिल्या दिवशी रिबीन कात्रीने कापून सोडवावी लागली होती, भांग आमच्या पाणंदीसारखा वळणे घेत मानेपर्यंत गेला होता, आणि ते बघून मी पोट धरून हसले होते. तेव्हा मला हसू आले, कारण तेव्हा ते माझे काम होते आणि हे ते माझ्या वतीने चार दिवस करीत होते. ते चार दिवस कधी संपले आणि ते काम माझ्याकडून कधी गेले, हे मला कोणी सांगितले नाही. राग आला तो याचा. निदान असे दुपारपर्यंत वाटत होते.

दुपारभर मी तोच दोरा ओढत बसले. गोळ्या मोजताना, जेवताना, पडल्यापडल्या कौलांवरचा पाऊस ऐकताना, विचारले का नाही, विचारले का नाही, एवढेच. पुढच्या आठवड्यात सीटी स्कॅन आहे, त्याचा विचार करायला हवा होता. यंदा आंब्याला मोहोरासाठी कल्टार हे औषध घालायचे दिवस तसेच गेले आणि कलमे दुसऱ्याला कराराने दिली, त्याविषयी ह्यांच्याशी बोलायला हवे होते. असो, ते आज नको.

खरे तर माझ्या बोटांना काय झाले आहे ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे. ऑक्सॅलिप्लाटिन या किमोच्या औषधाच्या पहिल्याच सलाईननंतर मी सवयीने बर्फातले बांगडे धुवायला घेतले आणि बोटांतून विजेचा झटका बसावा तशी कळ कोपरापर्यंत गेली. थाळा हातातून सुटून बांगडे खळ्यात आणि मांजरांची दिवाळी. त्यानंतर फ्रिजचे दार उघडायचे तरी हातमोजे, प्यायचे पाणी कोमट, आणि थंडगार घोट चुकून गेलाच तर घशात काचा. दर १४ दिवसांनी सलाईन, मग कमरेला ४६ तास ती पंपाची बाटली. बाटलीच्या पोटातला फुगा औषध सरेल तसा बारीक होत जाई आणि चिमू सकाळ-संध्याकाळ तिथे पट्टी लावून, आज एवढा उरला, असे आजीला सांगायला धावे. सलाईन घेऊन परतताना फोंडा घाटात पोटातले सगळे बाहेर येई, पण फुग्याला सांभाळून बसावे लागे.

तो थंडीचा झटका आठवडाभरात ओसरायचा. त्यामागून जे आले ते राहिले. आठव्या सायकलनंतर, म्हणजे आठव्या सलाईननंतर, डॉक्टरांनी ते औषध थांबवले आणि बाकीची चालू ठेवली. बोटांतली संवेदना हळूहळू येईल, काही महिने लागतील, थांबवल्यावरही आधी थोडे वाढेल आणि मग उतरू लागेल, हे त्यांनी आधीच सांगून ठेवले होते. ते वाढणे सध्या चालू आहे. मोहरी चिमटीत येत नाही, ब्लाउजचे हूक सासूबाई लावतात, सुईत दोरा ओवायचे मी सोडून दिले आहे. कोणीतरी बोटांना जाड कापड गुंडाळून ठेवले आहे आणि त्या कापडाच्या आतून मला घर चालवायचे आहे, असे वाटते.

केस मात्र शाबूत आहेत. भेटायला येणारी प्रत्येक बाई आधी माझ्या डोक्याकडे पाहते आणि केस दिसले की तिचा जीव भांड्यात पडतो. केस आहेत म्हणजे तसे काही फार नसेल, असे परवा एक जण माझ्यासमोर सासूबाईंना म्हणाली. हे औषध सहसा सगळे केस नेत नाही, नुसते विरळ करते, हे तिला समजावण्याइतका उत्साह मला नव्हता. माझी वेणी आता उंदराच्या शेपटीएवढी उरली आहे. तीही सासूबाई घालतात, अंदाजाने.

तर संध्याकाळी मी हट्टाला पेटले. चिमू शाळेतून आल्यावर तिला बोलावून समोर बसवले, सकाळच्या वेण्या सोडल्या आणि म्हटले, मी घालते. ती काही न बोलता बसली. समोर कपाटाचा आरसा होता. मी पहिली बट उचलली आणि आरशात पाहिले, तर तिने खांदे कानांपर्यंत उचलून धरले होते, डोळे गच्च मिटले होते आणि दोन्ही मुठींत स्कर्ट आवळून धरला होता. शाळेत नर्सबाई लस टोचायला आल्या होत्या तेव्हा ती अशीच बसली होती. मी अजून केस ओढलेसुद्धा नव्हते.

मी विचारले, "दुखतं का गं, मी घालते तेव्हा?"

ती म्हणाली, "बाबा हळू करतत. पण तू केलंस तरी माका चालता."

माका चालता. सहा वर्षांची आहे ती.

बट किती ताणली आहे हे बोटांनाच कळायचे असते, डोळ्यांना ते दिसत नाही. ज्या बोटांना बट हातात आहे की नाही हेच समजत नाही, ती सुटू नये म्हणून जीव खाऊन धरतात. भाकरीचे पीठ मळताना, टूथपेस्ट दाबताना हा अंदाज गेल्याचे मला केव्हाच कळले होते, पण तोच हात मी महिनाभर पोरीच्या डोक्यावर चालवत होते हे लक्षात आले नाही. शाळा उघडल्यापासून जुलै अर्धा होईपर्यंत, अंगात जोर असेल त्या दिवशी मीच हौसेने वेण्या घालत असे. तिने एकदाही हूं की चूं केले नाही. मग केव्हातरी तिने मुकाट्याने मार्ग बदलला. मला विचारले असते तर मी हो म्हटले असते, आणि मग तिला ओढून घ्यावे लागले असते किंवा मला नको म्हणावे लागले असते. तिने दोन्ही टाळले आणि गुडघ्याला घासून पुढे निघून गेली.

म्हणजे मला कोणी बाजूला सारले नव्हते, तर सांभाळून घेतले होते. घरात एखादी तापट आत्या आली की सगळे जसे एकमेकांना डोळ्यांनी खुणावत वागतात, तशी माझ्याभोवती खूणगाठ बांधलेली आहे आणि त्या कटात हे आहेत, सासूबाई आहेत, बहुधा शेजारच्या काकीही आहेत. सहा वर्षांच्या पोरीने चौतीस वर्षांच्या बाईचा मान राखावा आणि बाईने त्यावर रुसून चुलीत ओले चुडत घालावे! हे मनात आले तेव्हा मला आज पहिल्यांदा हसू फुटले. चिमूने वळून पाहिले आणि मी हसते आहे असे बघून तिचे खांदे खाली आले.

वेण्या अखेर ह्यांनीच घातल्या. मी शेजारी बसून बटा वेगळ्या करून दिल्या. सासूबाई मध्येच म्हणाल्या, "तो करता तर करूंदे गो त्याका, तू बस निवांत." मी बसले.

तरीही, आता सगळे कळल्यावरही, तिने विचारायला हवे होते असे आत कुठेतरी वाटतेच आहे. कळले म्हणून ते जात नाही. गणपती पंधरा दिवसांवर आले आहेत आणि मोदकांच्या कळ्या यंदा कोण पाडणार, हे अजून माझ्यासमोर कोणी बोललेले नाही. त्याचीही काहीतरी व्यवस्था झालेली असणार.

मघाशी मी दोन्ही रिबिनी साबणाच्या कोमट पाण्यातून काढल्या आणि ओल्याच तांब्याभोवती घट्ट गुंडाळून ठेवल्या, म्हणजे सकाळपर्यंत इस्त्री केल्यासारख्या सरळ होतात. याला बोटे लागत नाहीत, तळहाताने भागते. तांब्या पालथा घालताना आवाज झाला आणि हे जागे झाले. अंधारातूनच विचारले, "उद्या भांग खंयसून काढू?"

मी म्हटले, "दोन वेण्यांचा भांग मधूनच असतो."

"मगे बरोबर काढतंय मी," असे समाधानाने म्हणून ते कुशीवर वळले. पाणंदीचा विषय मी काढला नाही.