पारगावचे अंजीर

आज दिवे घाट चढून पारगावला मावशीकडे गेले. काकांनी पाटीभर अंजीर समोर ठेवले, पण स्वतः एकालाही हात लावला नाही.

पुरंदरच्या नव्या विमानतळासाठी ज्यांची जमीन घ्यायचं ठरलंय त्या सात गावांत पारगाव आहे, महात्मा फुल्यांच्या घराण्याचं खानवडीही आहे. पुण्याच्या सध्याच्या लोहगाव विमानतळाची धावपट्टी हवाई दलाची, तिथे वाढीला मर्यादा आहेत, हे मला पटतं. माझा मुलगा बंगळुरूहून विमानानेच येतो. पण एक किलो विमान-इंधन जळलं की तीन किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. शिवाय विमानामागे उमटणारे ढगांचे पांढरे पट्टे उष्णता अडवून धरतात, रात्री तर जास्तच. आणि आंतरराष्ट्रीय उड्डाणांचा धूर कुठल्याच देशाच्या एकूण उत्सर्जनात धरला जात नाही, वेगळा नोंदवतात. मग तो कमी करायची जबाबदारी कुणाची? पुणे-दिल्लीसारख्या मार्गावर रात्रीची वेगवान रेल्वे वाढवा, अशी मागणी आपण का लावून धरत नाही?

या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा काकांनी गावात पेढे वाटले होते.

निघताना त्यांनी विचारलं, "पुढच्या वर्षीचा बहार धरू का नको, सांग ना पोरी."

घाट उतरेपर्यंत मला उत्तर सुचलं नाही.