कोठारात दोन पायल्या जास्त

संध्याकाळी कोठार मोजलं तेव्हा नाचणी दोन पायल्या जास्त भरली. कमी भरली असती तर सांडलवंड म्हणता आलं असतं. जास्त भरली म्हणजे चूक कागदात.

गडाच्या पायथ्याशी आम्ही शिवकालीन दफ्तर, म्हणजे तेव्हाची कचेरी, तशीच मांडून दाखवतो. सबनिसाकडे हजेरी, कारखानिसाकडे कोठार, दोघांवर हवालदाराची नजर. सभासद बखरीत गडावरचे हवालदार, सबनीस आणि सरनोबत (शिबंदीचा प्रमुख) एका प्रतीचे, म्हणजे बरोबरीच्या दर्जाचे, सांगितले आहेत, तिघांनी मिळून कारभार करायचा. त्यामागचं शहाणपण त्या दिवशी हाताला लागलं.

सकाळची शिल्लक 1 मण 3 पायल्या. हजेरीवर 40 असामी, माणशी शेरभर शिधा. कारखानिसाने खर्ची 1 मण लिहिला आणि बाकी काढली 3 पायल्या. मापात मात्र 5 भरल्या.

पहिला संशय शिगेवर, म्हणजे मापाच्या काठावर येणाऱ्या धान्याच्या राशीवर. पायली शिगोशीग भरली की काठी फिरवून सपाट केली, यावर बराच फरक पडतो. काठी फिरवून पुन्हा मोजलं, तरी 5. मग सबनिसाची यादी नावानिशी वाचली. 40 म्हणजे 40च. ही यादी कारखानिसाच्या हातची नव्हती, म्हणून तिच्यावर भरवसा ठेवता आला आणि शोध खर्चाच्या एका ओळीवर येऊन थांबला.

40 शेरांचा मण हा तोलाचा. धान्याच्या मापाला आम्ही पुणेरी कोष्टक धरतो: 4 शेरांची पायली, 12 पायल्यांचा मण, 20 मणांची खंडी. म्हणजे मापी मण 48 शेरांचा. 40 शेर खर्च म्हणजे 10 पायल्या, मण नव्हे. उरलेले 8 शेर म्हणजेच त्या दोन पायल्या. मापं प्रांतोप्रांती बदलत असत, त्यामुळे कोष्टक बैठकीवर लिहून ठेवलंच पाहिजे.

खाडाखोड केली नाही. खाली नवी ओळ घालून 2 पायल्या जमा धरल्या. मोडीत आधी कागदभर शिरोरेषा ओढायची आणि मग तिला अक्षरं लटकवायची, त्यामुळे मधे शब्द घुसवायला जागाच नसते. शाईनेही थोडा त्रास दिला. काजळीत डिंक कमी पडला की वाळलेलं अक्षरही बोटाला लागतं, जास्त झाला तर बोरू अडतो.

त्याच तपासणीत मितीतली चूकही सापडली. आम्ही मांडतो तो प्रसंग शुहूर सन (मराठी कागदांत वापरली जाणारी, अरबी अंकनावांची कालगणना) सलास सबैन अलफ, म्हणजे 1073चा, इसवी 1672-73. एका कागदावर राज्याभिषेक शक पडला होता. राज्याभिषेक 1674चा, तेव्हा तो कागद बाद करून नव्याने लिहिला.

आता खर्च आधी शेरात लिहितो, मग पायलीत. मण शेवटी बांधतो.