गोधडी शिवायला शिकताना

गोधडी शिवायला मी आईकडून शिकले आणि आई आजीकडून शिकली. या कामाची लिहून ठेवलेली कृती आमच्या घरात कधीच नव्हती. होता तो कामाचा एक ठरलेला क्रम, आणि त्यातली एकही पायरी गाळलेली आईला चालत नसे.

सुई हातात मिळण्याआधी बराच काळ मी केवळ कापड निवडत असे. वापरून मऊ झालेले सुती कापड उजेडासमोर धरायचे, विरलेला भाग काढून टाकायचा आणि उरलेल्यातला तळहाताएवढा तुकडाही जपून ठेवायचा. सुती कापड धुतल्यावर आटते, कृत्रिम धाग्याचे आटत नाही. दोन्ही एकत्र शिवली तर पुढे चुण्या पडतात, म्हणून कापड पारखून घ्यायचे आणि प्रत्येक तुकडा आधी धुवायचा. शक्य तिथे कात्री न लावता कापड फाडायचे, कारण ते विणीच्या रेषेतच फाटते आणि कडा सरळ मिळते, तर तिरके कापलेले कापड शिवताना ताणले जाते. ही कारणे मला आईने सांगितली. आजीने तिला कारणे सांगितली नव्हती, फक्त करून दाखवले होते. आईने ती स्वतः शोधली, याचे मला फार मोल वाटते.

थर अंथरून, हाताने सुरकुत्या काढून, मोठ्या टाक्यांचा कच्चा दोरा घातला की मगच खरी शिवण सुरू होते. दोरा सुमारे ४५ सेंटिमीटरच घ्यायचा, कारण लांब दोरा कापडातून आणि सुईच्या नेढ्यातून पुन्हा पुन्हा ओढला जाऊन झिजतो व गुंततो. त्याला मेण लावायचे आणि गाठ थरांच्या आत दडवायची. धावदोरा तसा सोपाच, पण त्याचा ताण शिकणे ही या कामातली सर्वांत अवघड गोष्ट आहे. दोरा सैल राहिला तर थर सरकतात, जास्त ओढला तर कापड गोळा होते. चित्रफितीत टाका दिसतो, ताण दिसत नाही. तो मला आईने माझ्या बोटांवर बोटे ठेवून शिकवला. ओळ संपली की ती गोधडी उलटी करून पाही आणि मागचे टाके वेडेवाकडे असले तर शांतपणे म्हणे, "उसव, आणि पुन्हा घाल." जी बाजू कोणी पाहणार नाही तीही नीट हवी, हे तिने मला शब्दांत कधी सांगितले नाही.

युनेस्कोच्या २००३ सालच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाविषयीच्या करारात पारंपरिक कारागिरीचा समावेश आहे, आणि तिथे भर वस्तू जपण्यापेक्षा ते ज्ञान पुढच्या पिढीकडे जाण्यावर आहे. मला हे पूर्णपणे पटते. आजीने शिवलेल्या गोधड्या वापरून कधीच संपल्या, पण त्यांचा क्रम आमच्याकडे आहे.

आता माझी मुलगी शिकते आहे. ती खडूने रेषा आखून त्यांवर टाके घालते, जे आजीने किंवा आईने कधी केले नव्हते. आईने तिचे काम उलटे करून मागची बाजू तपासली आणि रेषा आखायला परवानगी दिली. कापड धुण्याच्या आणि निवडण्याच्या बाबतीत मात्र तिला कोणतीही सवलत मिळालेली नाही.