आधी ईसीजी, मग केसपेपर

आज दुपारपाळीत कॅज्युअल्टीला नुसती रीघ लागली होती. सिंहगड रोडवर गाडी घसरून पडलेली पोरं, तापाची बाळं, आणि या सगळ्यांच्या मागे रिक्षातून उतरलेले एक आजोबा. घाम पुसत म्हणत होते, "ॲसिडिटी असेल हो." दारातल्या सिस्टरने त्यांना रांगेत उभंच केलं नाही. छातीत दुखणाऱ्याचा ईसीजी आल्यापासून १० मिनिटांत काढायचा असतो, तो निघाला आणि हार्ट अटॅक तिथेच कळला. कॅथलॅबला, म्हणजे हृदयाच्या बंद झालेल्या रक्तवाहिन्या उघडतात तिथे, फोन गेला तेव्हा त्यांचा मुलगा खिडकीपाशी अजून आधार कार्ड शोधत होता!

प्रत्येक कॅज्युअल्टीच्या दारात अशी अनुभवी सिस्टर हवीच. कोण लाल (लगेच बघायचा), कोण पिवळा (थोडा थांबू शकतो), कोण हिरवा (किरकोळ), हे तिनं ठरवावं; आधी कोण आलं, यावर काही ठरू नये.

पण खरी कोंडी पुढे असते. वॉर्डात खाट रिकामी होईपर्यंत ॲडमिट झालेले पेशंट आमच्याकडेच अडकतात आणि नवे स्ट्रेचरवर ताटकळतात. ज्यांना घरी सोडायचं त्यांचे कागद, बिल, औषधं सकाळीच उरकली, तर संध्याकाळची गर्दी कितीतरी सुसह्य होईल. हे मी उद्याच्या मीटिंगमध्ये मांडणार आहे.

आणि मंडळी, छातीत दुखलं तर रिक्षा शोधत बसू नका, १०८ ला फोन करा.