माध्यमाच्या रकान्यात अडकलेला टॅलीचा कोर्स

बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या आमच्या बीकॉमच्या पोरांसाठी टॅलीचा, म्हणजे हिशेब ठेवायच्या सॉफ्टवेअरचा, सर्टिफिकेट कोर्स मंजूर करून घेतला, त्याची ही हकीकत. अभ्यासक्रम, फी, प्राचार्यांची सही सगळं सुरळीत झालं. घोडं पेंड खात होतं ते ‘माध्यम’ या एका रकान्यात.

आमच्याकडं पोरगं दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकतं आणि पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, एकदम इंग्रजीत जाऊन पडतं. बाकावर शेजारी बसलेला कन्नड शाळेतून आलेला. सोसायटीचं कापून उसाच्या बिलातलं हातात किती येणार, हे दोघंही तोंडी सांगतील. ‘डेबिट द रिसीव्हर’ (घेणाऱ्याच्या नावे टाका) म्हटलं की दोघंही खाली बघतात. म्हणून मी लिहिलं : स्क्रीन इंग्रजी, शिकवणं मराठी-कन्नडमधून, उत्तर तिन्हींपैकी कुठल्याही भाषेत. अर्ज परत आला. शेरा, तोही इंग्रजीत : एकच माध्यम नमूद करावे.

मी समक्ष त्या कार्यालयात गेले. टेबलावरचे साहेब म्हणाले, “ओंदऽ बरीरी, म्याडम.” म्हणजे एकच लिहा. मी म्हटलं, “साहेब, आत्ता शिपायाशी मराठी बोललात, माझ्याशी कन्नड, आणि शेरा मारलाय इंग्रजीत.” ते मनापासून हसले, चहा मागवला आणि अर्ज पुन्हा माझ्याच हातात दिला. मग पुरवणी पत्र जोडा झालं. मग साहेब रजेवर. मग ‘समितीची बैठक होऊ दे की’. एका सहकाऱ्यानं सल्ला दिला, इंग्रजी लिहून टाका, वर्गात काय करताय ते कोण बघायला येतंय? वर्गात कोणी येत नाही हो, पण परीक्षेला बाहेरचा परीक्षक येतो. त्यानं कागदावर बोट ठेवून मराठीतलं उत्तर कापलं, तर पोरानं कुणाकडं जायचं?

सुटका केली आमच्याच हेडक्लार्कनी. म्हणाले, तो रकाना लेखी पेपरासाठी असतोय, तुम्ही लेखी घेताच कशाला? खरंच की! लेखी काढली. प्रात्यक्षिक ७० गुण, तोंडी ३०. माध्यमात इंग्रजी, आणि ‘विद्यार्थी तोंडी उत्तर मराठी, कन्नड किंवा इंग्रजीत देऊ शकेल’ हे वाक्य परीक्षा पद्धतीच्या पानावर. त्याच टेबलावरून सही होऊन आलं. राग जास्त आला की आनंद झाला, अजून ठरवता येत नाही.

वेळेचं राहिलंच. ‘कॉलेज सुटल्यावर’ असं कधीही लिहू नका. कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळं ११ जून २०२३ पासून मुलींना सरकारी बसचं तिकीट लागत नाही, पण जांबोटी-कणकुंबीकडची बस चुकली तर फुकट तिकिटाचं करायचं काय? आम्ही तास मधल्या ऑफ पिरियडला बसवले. सुरुवातही भाताची रोप लावणी उरकल्यावर. जुलैत हजेरी मागणं म्हणजे निम्मी पोरं घालवणं.

लायसन्सच्या पैशाची भीती नको. शैक्षणिक मोडमध्ये टॅली फुकट चालते, फक्त नोंदी १, २ आणि ३१ तारखेच्याच घेते. उदाहरणं त्याच तारखांची रचा. माउसवाचून अडत नाही : एफ ५ पेमेंट, एफ ६ रिसीट.

दिव्यांग विद्यार्थ्याला लेखनिक आणि तासाला किमान २० मिनिटं जादा, हे अर्जातच लिहा, परीक्षेच्या सकाळी धावपळ नको. आणि आवक शिक्क्याची झेरॉक्स जपून ठेवा. आमचा अर्ज एकदा ‘आलाच नाही’ म्हणाले. शिक्का दाखवल्यावर त्याच टेबलाच्या ड्रॉवरमधून निघाला.