सुमनची मान अखेर कलली

सुमन म्हणजे आमच्या एकांकिकेतली कुत्री, हाताने चालवायची बाहुली. मागच्या नोंदीत तिचं डोकं बसवून झालं होतं आणि आता शेपटी घ्यायची ठरलं होतं. शेपटी तशीच पडून आहे. अख्खा पंधरवडा मानेने खाल्ला. पण परवाच्या तालमीत नाटकातल्या वसंतने, म्हणजे तिच्या मालकाने, "जेवलीस का गं?" विचारलं, सुमनने श्वास घेतला, मान कलती करून ऐकलं, आणि प्रकाशयोजनेची मंडळी वायर हातात धरून तशीच बघत राहिली.

"खरी कुत्रीच आणा ना" हा सल्ला पुन्हा आलाय. केंद्र सरकारच्या २००१च्या नियमांप्रमाणे प्रयोगात वापरायच्या प्राण्याची आधी नोंदणी करावी लागते. शिवाय दिव्यांच्या झोतात आणि टाळ्यांच्या कडकडाटात मुक्या जिवाला उभं करणं आम्हाला पटत नाही. बाहुलीच हवी.

आणि या एकांकिकेत सगळा भार मानेवरच आहे. एकटा वसंत दिवसभर सुमनशी बोलतो, भिंतीपलीकडची मीरा ते ऐकते आणि त्याला बायको आहे असं धरून चालते. सुमन एकदा जरी भुंकली तरी गैरसमज तिथेच फुटतो. म्हणून पहिली २८ मिनिटं तिला आवाज नाही. तिला काय म्हणायचंय ते मानेनेच म्हणायचं.

पहिलं डोकं कागदाच्या लगद्याचं होतं, ९०० ग्रॅम. ४० सेंटिमीटर दांड्याच्या टोकाला तेवढं वजन धरलं की दोन मिनिटांत मनगट थरथरतं, आणि वसंतचं सर्वांत नाजूक स्वगत नेमकं तिथेच आहे. नवं डोकं १० मिलिमीटरच्या ईव्हीए शीटचं, म्हणजे चपलांच्या हलक्या फोमचं केलं. वरचं फर धरून ३१० ग्रॅम भरलं. मूठही कवटीमागे १२ सेंटिमीटरवर आणली. शीट हस्तकलेच्या दुकानातून घेऊ नका, पातळ मिळते आणि महाग पडते. मुंबईत ठक्करबाप्पा कॉलनीत चपलांचं सामान विकणाऱ्यांकडे हवी ती जाडी मिळते. जोडाला फेविकॉल एसआर ९९८ हा रबरी गोंद दोन्ही बाजूंना लावून, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं आणि मगच दाबायचं. ओलं असताना दाबलं तर आतला द्राव अडकतो आणि दोन दिवसांनी शिवण उघडते. हॉट ग्लूवर विसंबू नका. उन्हात उभ्या टेम्पोत तो मऊ पडतो.

डोकं हलकं झालं तरी कलणं जमेना. बिजागरी गळ्याशी होती, त्यामुळे मान वळवली की नाक सात सेंटिमीटर बाजूला सरकायचं आणि सुमन "नाही नाही" म्हणतेय असं दिसायचं. मान कलती करणारा कुत्रा नीट पाहिला तर कारण कळतं: नाक जवळजवळ जागेवर राहतं, फक्त एक कान खाली येतो आणि दुसरा वर जातो. म्हणजे फिरण्याचा आस नाकापासून कवटीच्या मागच्या टोकापर्यंत जायला हवा. ८ मिलिमीटरची अॅल्युमिनियमची कांब त्या रेषेत घातली आणि तीच मागे मुठीपर्यंत आणली. ती फिरते पीव्हीसी नळीत, आणि नळी मानेच्या सांगाड्याला पक्की. आता मनगट २० अंश फिरवलं की पुरतं.

मग कांब करकरली. भिंतीपलीकडे कान लावून बसलेल्या मीरेच्या शांततेत तो आवाज शेवटच्या रांगेत ऐकू जाईल. नळीत नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची पट्टी आणि कांबेवर मेणबत्तीचं मेण, एवढ्यावर भागलं. तरी डोकं आपोआप सरळ व्हायचं, कारण घट्ट शिवलेलं फर पीळ उलगडायचं. मानेत चार सेंटिमीटर ढील ठेवून पुन्हा शिवलं. फर नेहमी मागच्या बाजूने ब्लेडने कापा. कात्रीने केस तुटतात आणि जोड दिसतो. ऑनलाइन मागवलेलं फर दिव्याखाली प्लॅस्टिकसारखं चमकत होतं. पातळ केलेला तपकिरी अॅक्रिलिक रंग दात घासायच्या ब्रशने फिरवला, ओलं असतानाच विंचरलं, चमक गेली.

डोळे १८ मिलिमीटरचे काळे अर्धगोल, किंचित आतल्या बाजूला वळवलेले. सरळ लावले तर बाहुली कुठेच बघत नाही. भोवती फिकट कापडाची बारीक कड दिली, नाहीतर सहाव्या रांगेपासून डोळे फरमध्ये हरवतात.

मान चालवताना शब्दावर कलवायचं नाही. आधी प्रश्न संपू द्या, मग श्वास, मग मान, आणि तिथेच थांबा. ऐकणाऱ्याला ऐकायला वेळ लागतो. चालवणाऱ्याची नजर सुमनच्या डोक्यावर हवी, प्रेक्षक तिच्यामागे जातात.

श्वासासाठी छातीत फुगा बसवायचा बेत होता.  बसलेल्या कुत्र्याच्या श्वासाची बारीक हालचाल लांबून दिसत नाही म्हणून. पण स्वगतात वसंतचा तळवा सुमनच्या पाठीवर असतो. धडाची मागची मूठ दीड सेंटिमीटर उचलली की त्याचा हातच वर येतो, आणि तो हात शेवटच्या रांगेतूनही दिसतो. फुगा रद्द.

हे लिहितानाच सुचतंय: शेवटच्या प्रवेशात मीरेला खरी सुमन कळते, तेव्हा पाठीवर वसंतऐवजी तिचा हात हवा. दोघं बोलत नसताना तोच हात वरखाली होत राहील. त्यासाठी मीरा डावीकडून आत यायला हवी, म्हणजे दार हलवावं लागेल आणि धड चालवणाऱ्या मागच्या चालकाला उजवीकडे जागा करून द्यावी लागेल. शेपटीला गुंडाळायच्या मोजपट्टीचं पातं लावणार होतो, पण ते वाकताना कटकन वाजतं. तीन मिलिमीटरची वेताची काडी भिजत घातली आहे. आधी दार.